चौथाई

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एक लाकडांचा ढीग आहे. नवरा त्याला ‘कबाड’ म्हणतो, लेक ‘आईचं माहेर’ म्हणते, आणि दर रविवारी हातगाडी घेऊन येणारा भंगारवाला खालून मान उंचावून, लग्नाच्या मुलाची आई शेजारच्या मुलीकडे बघते तसा त्याच्याकडे बघतो. आज ना उद्या हे आपल्याच घरी यायचंय, अशी त्याला खात्री आहे.

ढिगात पॅकिंगच्या पेट्यांच्या फळ्या आहेत, जुन्या कूलरच्या स्टँडच्या पट्ट्या आहेत, कुणाच्या तरी दाराच्या चौकटीचा वरचा तुकडा आहे, मांजाच्या दोन मोडक्या चरख्या आहेत आणि गोणीभर ढलप्या आहेत. यातली एकही वस्तू मी विकत घेतलेली नाही आणि एकही टाकायची माझी तयारी नाही. ‘कधीतरी उपयोगी पडेल’ हे आमच्या घराण्याचं बोधवाक्य. माझे बाबा कुडाळजवळच्या आमच्या घरी पडवीत बसून दुपारभर वाकडे खिळे सरळ करायचे. चिऱ्याच्या पायरीवर खिळा आडवा धरायचा, कुबड वरच्या बाजूला. त्यावर हातोडीचा एक हलका टोला. मग खिळा किंचित फिरवायचा, दुसरा टोला. जोरात मारलं तर खिळा उडून अंगणात जातो आणि मग तो कोंबडीला सापडतो, आपल्याला नाही. सरळ झालेला खिळाही पुरता सरळ नसेच, थोडा लचकत चालल्यासारखा दिसे. बाबा म्हणायचे, “नवो खिळो घुसता. जुनो खिळो इचारून घुसता.”

सुतारकामात बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. लहानपणी मला दुकानात पाठवताना बाबा सांगत, “शंभर ग्रॅम चुका घेऊन ये.” आता मी त्या किलोच्या हिशेबानं करते, तेही फुकट.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ असायचं. काड्यापेट्यांचा सोफा, आइसक्रीमच्या काड्यांचं घर, नारळाच्या करवंटीचा गणपती. एकदा मी केलेली टिकाऊ वस्तू मूळच्या टाकाऊ वस्तूच्या चार दिवस आधी टाकावी लागली होती, पण बाईंनी दहापैकी आठ गुण दिले होते. त्या आठ गुणांनी माझं केवढं नुकसान केलं, हे आमच्या गच्चीवर आल्यावर कळतं.

जयपूरला येऊन आम्हाला वीस वर्षं होऊन गेली. गणपतीला आम्ही दर वर्षी गावी जायचो. घरचा गणपती मोठ्या दिरांकडे, आपण फक्त आरतीला टाळ्या वाजवायच्या आणि मोदक खायचे, अशी सुखाची वाटणी होती. २०२० साली ती मोडली. २२ ऑगस्टला चतुर्थी, गाड्या धड चालू नाहीत, गावात शिरायचं तर विलगीकरण. दीर फोनवर म्हणाले, “तिथंच आणा यंदा.” मूर्ती शाडूची मिळाली. आरास कसली करायची? थर्मोकोल महाराष्ट्रात २०१८ सालीच बंद झालं होतं. जयपूरला मिळालंही असतं, पण सासर-माहेर दोन्हीकडची बंदी आपणच मोडायची हे काही बरं दिसेना. शिवाय मला मखर नकोच होतं. मला माटवी हवी होती.

माटवी म्हणजे आमच्या सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर आडवी टांगलेली लाकडी चौकट, गोव्यात तिला माटोळी म्हणतात. चौकटीला आडव्या-उभ्या पट्ट्या, त्यांना आंब्याचे टाळे आणि त्यात त्या त्या मोसमात रानात, परसात जे जे पिकलंय ते ते बांधायचं. सुपारीचं शिपटं, नारळ, तवशी, चिबूड, कवंडाळ, हरणं. विजेची माळ नाही, चमकी नाही, तरी नजर हटत नाही. एरवी वर्षभर ही चौकट माळ्यावर धूळ खात पडलेली असते. तिला कुणी विचारत नाही आणि तीही कुणाला काही मागत नाही.

लाकूड मिळालं ते मात्र देवाच्याच घरातून. जयपूरच्या जुन्या शहरात ‘खजानेवालों का रास्ता’ नावाची गल्ली आहे. (जयपुरात गल्लीला रास्ता म्हणतात आणि रस्त्याला बाजार. पहिली दोन वर्षं मी रस्ता विचारत बाजारात पोचायचे.) या गल्लीत संगमरवरी मूर्ती घडतात. पांढऱ्या भुकटीत न्हालेली माणसं छिन्नी चालवत बसलेली असतात आणि फुटपाथवर अर्धवट देव उन्हाला उभे असतात. या मूर्ती गवतात गुंडाळून, लाकडी पेट्यांत घालून देशभर आणि देशाबाहेर जातात. २०२० साली त्या कुठेच गेल्या नाहीत. ओळखीतल्या एका मूर्तिकारांच्या दारात रिकाम्या पेट्या मोडून रचून ठेवल्या होत्या. विचारल्यावर ते म्हणाले, “ले जाइए, देवता तो रुके हुए हैं.” एका पेटीवर काळ्या रंगानं लिहिलं होतं, ‘गणेश, ३६ इंच’. मी तीच उचलली. ज्या पेटीत एक गणपती बसून जाणार होता, तिच्याखाली आता दुसरा बसणार होता.

पेटी स्कूटरवर कशी आणली ते सांगत नाही. आमच्या नवऱ्यानं त्यावर एकदा अर्धा तास सांगितलं आहे आणि त्यातलं निम्मं खरं आहे.

घरी फळ्या सुट्या केल्या तेव्हा एकीवर भाजल्यासारखा शिक्का दिसला. गव्हाच्या लोंबीचं चित्र, शेजारी ‘आयएन’, काही आकडे आणि ‘एचटी’. लेकीनं शोधून काढलं. लाकडाबरोबर एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून परदेशी जाणारं पॅकिंगचं लाकूड आधी तापवतात, अगदी गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं. तापवलं की हा शिक्का. ‘आयएन’ म्हणजे भारत, ‘एचटी’ म्हणजे तापवून शुद्ध केलेलं. थोडक्यात फळीचा पासपोर्ट. मला वाटलं, मे महिन्यात आमच्या गच्चीवर दोन दुपारी काढलेल्या प्रत्येक प्राण्याला हा शिक्का मारून द्यायला हरकत नाही.

आता ताऊजी. समोरच्या घरात राहतात, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या पत्नी ताईजी. इकडे थोरल्या काकूला ताईजी म्हणतात. सत्तरीच्या बाईंना ‘ताई’ म्हणताना सुरुवातीला मला फार अवघडायचं, वाटायचं आपण त्यांचं वय चोरतोय. त्यांना मात्र त्यात काहीच वावगं दिसत नसे, कारण कानावर ‘ताई’ पडलं तरी मनात ‘जी’ उमटायचं.

मी फाटकाशी फळ्यांमधले खिळे उपसत बसले होते. ताऊजी मुखपट्टी लावून त्यांच्या अंगणात आले. “कांई बणा रया छो?” खुशीत असले की ते ढुंढाडीत बोलतात. मी सांगितलं, गणपतीची चौकट करतेय, अजून चार हात लाकूड कमी पडतंय, तुमच्याकडे काही आहे का?

ताऊजींनी घरात तोंड करून ताईजींना हाक मारली, “सुनती हो! मराठे आ गए, चौथ लेने!”

हा विनोद मला तेव्हा पुरता कळला नाही. मला वाटलं चतुर्थीची चौथ. ताईजींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी आतून विचारलं, “चौथ तो शनिवार को है ना?” मग ताऊजींनी कुंपणापलीकडून मला दोनशे सत्तर वर्षांमागे नेलं. सवाई जयसिंहांच्या मागे गादीसाठी ईश्वरीसिंह आणि माधोसिंह हे दोघे भाऊ भांडले, आमचे होळकर माधोसिंहांच्या बाजूनं उतरले, खंडणीचा तगादा लागला आणि १७५०च्या डिसेंबरात ईश्वरीसिंहांनी विष घेतलं. महिन्याभरात जयपूरकरांनी शहरात आलेल्या मराठ्यांना गाठून कापलं. त्रिपोलियाजवळचा तो उंच मनोरा, ईसरलाट, मी रोज बघते. तो ईश्वरीसिंहांनी त्याच्या आदल्या वर्षी विजयाची खूण म्हणून पुरा केला होता. ताऊजी हे सगळं असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं हे स्वतः तिथे कारकून होते आणि अजून थकबाकीचा कागद सापडत नाहीये. मी मान खाली घालून एक खिळा काढला. माझ्या वाट्याचं प्रायश्चित्त मला एवढंच सुचलं.

“तर चौथ म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा,” ताऊजी म्हणाले. “मेरे पास क्या है, देखता हूँ.”

संध्याकाळी त्यांनी गच्चीवरून एक वस्तू आणून आमच्या फाटकावर ठेवली आणि सहा फूट मागे सरकले. खाटेचा एक पाय होता. खरादावर घडवलेला, तळापर्यंत लाखेच्या लाल-पिवळ्या कड्या. खाट मोडकी होती, तिला पाय चार. चारातला एक. “पूरी चौथाई,” ताऊजी म्हणाले. “गिन लो.”

पायाचा माटवीला काही उपयोग नव्हता. पण चौथाई परत कशी करणार? आपला इतिहास तसा नाही.

चौकट उभी करायला मला दोन दिवस लागले. आमच्या घरातला गुण्या लेकीच्या कंपासपेटीतला होता, म्हणजे साडेतीन इंची. हे जयपूर १७२७ साली विद्याधर भट्टाचार्यांनी काटकोनात आखलं, रस्त्याला रस्ता असा मिळतो की चौकात उभं राहून चारी दिशांना सरळ नजर जाते. त्या शहरात बसून मी जी चौकट केली ती समांतरभुज झाली. एका कोपऱ्यात दाबली की समोरचा कोपरा आदबीनं पुढे यायचा. शेवटी बाजूच्या गल्लीतल्या मिस्त्रीजींना हाक मारली. त्यांनी आधी चहा घेतला, मग फळ्यांवर टिचक्या मारल्या. “ये चीड. ये आम. और ये अरडू.” अरडू म्हणजे आपला महारुख. हलकं, मऊ, पांढरट. कठपुतळीवाले पुतळ्यांची डोकी कोरायला हेच लाकूड घेतात. “इसमें कील मत ठोको, छोड़ देगा,” म्हणाले. मी आधीच चौदा ठोकल्या होत्या. त्यांनी त्या मोजल्या, काही बोलले नाहीत, आणि चारही कोपऱ्यांवर तिरप्या पट्ट्या मारून पाच मिनिटांत ती चौकट काटकोनात आणली. पैसे विचारले तर म्हणाले, “गणेशजी का काम है.” मग जाताना हळूच, “फिर कुछ बनाना हो तो पहले बुला लेना.”

चौकट टांगल्यावर खालून पाहिलं तेव्हा ध्यानात आलं की आपण रंग द्यायचा विसरलो. फळ्यांवरची पेटीची सगळी अक्षरं गणपतीच्या डोक्यावर सरळ वाचता येत होती. एका फळीवर छत्रीचं चित्र, म्हणजे पावसापासून जपा. दुसरीवर काचेच्या पेल्याचं, म्हणजे नाजूक आहे. ‘धिस साइड अप’ लिहिलेल्या फळीवरचा बाण थेट मूर्तीकडे, खाली. आणि ‘हँडल विथ केअर’ करवतीनं मधोमध कापलं गेल्यामुळे ‘हँडल’ पूर्वेला आणि ‘केअर’ पश्चिमेला. नवरा म्हणाला, रंग देऊन टाक. मी म्हटलं, राहू दे, आरतीला उभं राहिलेल्या माणसाला तोंडपाठ नसलं तर काहीतरी वाचायला हवं. तेव्हापासून आजतागायत दर वर्षी चौकट जोडताना आम्ही त्या अक्षरांवरूनच फळ्या लावतो. ‘केअर’ खिडकीकडे, छत्री पंख्याकडे. नकाशा लागत नाही.

टांगायचं काय, हा मोठा प्रश्न होता. बाबांना फोन लावला. ते म्हणाले, “कवंडाळां खंय गावतली गो थंय?” गावणार नव्हतीच. पण ऑगस्टच्या शेवटी राजस्थानात काचरी येते. लिंबाएवढी, पट्ट्यापट्ट्यांची, पिकली की पिवळी आणि सगळ्या घरात वास. चिबडाचं तान्हं बाळ म्हणावं अशी. इकडे ती वाळवून चटणीत घालतात. मी पाव किलो काचऱ्या देठासकट मागितल्या तेव्हा भाजीवाल्यानं ‘भाभीजी, खाओगी कि खेलोगी?’ असं विचारलं. काचऱ्या झाल्या. टिंडे झाले, लिंबं झाली. शेजारच्या खेड्यातून आलेल्या दूधवाल्यानं बाजरीची पाच कणसं आणून दिली, हिरवी, परागानं भरलेली, पिशवीतून काढताना सगळ्या ओट्यावर पिवळी पूड. आणि शमी. कोकणात पत्रीसाठी शमीचं पान मिळवायचं तर आम्ही दोन गावं पालथी घालायचो. इथे तीच शमी खेजडी नावानं शहराबाहेर पडलं की बांधाबांधावर उभी, राजस्थानचा राज्यवृक्षच तो. फक्त तिच्यावर कोयता चालवायचा नाही. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात या झाडांना मिठी मारून बिश्नोई समाजाच्या ३६३ माणसांनी जीव दिला, हे इथे शेळ्या राखणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा मी दूधवाल्याकडून शेळ्यांसाठी छाटलेल्या डहाळीतला शेंडा मागून घेतला. शेळीच्या तोंडचा घास होता. देवाला कळलं असेल तर त्यानं दुर्लक्ष केलं.

बाबांना फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग निरोप आला, “बाजरेचा कणीस बरा दिसता. टिंडो काढ.” मी काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आरतीत, नवरा डोळे मिटून शेवटच्या कडव्यात असताना, तो टिंडा आपणहून निघाला. टिंडा मऊ असतो असं बाजारात सांगतात. नवऱ्याचं मत वेगळं आहे.

मी इथे लाकडाचं कौतुक सांगतेय, पण जयपूरच्या गणपतीला लाकूड तसं नवं नाही. इथल्या बाजारात चतुर्थीच्या आठवडाभर आधी डंके येतात. हिरवे, लाल, गुलाबी रंगवलेल्या छोट्या दांडक्यांच्या जोड्या, सोबत गूळधाणी. पोरं ती एकमेकांवर वाजवत हिंडतात आणि देवालाही वाहतात. मोतीडुंगरीच्या गणपतीला तर आदल्या दिवशी सिंजारा असतो, मेंदीचा दिवस, आणि ती मेंदी घ्यायला बायका-मुलींची रांग रस्त्यावर जाते. हे देऊळ १७६१ सालचं. हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी गप्पच झाले. १७६१ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच गाव येतं, पानिपत. त्याच साली सुमारे तीनशे किलोमीटर अलीकडे कुणीतरी शांतपणे गणपतीचं देऊळ बांधत होतं, हे पचायला मला जड गेलं. ताऊजी म्हणाले, “बेटा, एक साल में बहुत जगह बहुत कुछ होता है.” इतिहासाच्या शिक्षकानं इतकं साधं बोलू नये. डंक्यांची एक जोडी मी पुढच्या वर्षापासून माटवीला बांधते. वाऱ्यानं एकमेकांवर आपटतात, टक् टक्. पडवीतली बाबांची हातोडी वाजल्यासारखं वाटतं.

एकदा हात लागला की थांबत नाही. त्या पहिल्याच वर्षी दिवाळीला मी आकाशकंदील केला, पतंगांचा. संक्रांतीला जयपुरातला एकही माणूस जमिनीवर नसतो, सगळं शहर छतावर, आणि दुसऱ्या दिवशी गच्चीभर मेलेले पतंग. त्यांचे उभे ठड्डे आणि वाकडे कांप मी जमा करून ठेवले होते, बांबूच्या छान तासलेल्या काड्या, आपल्या कामट्यांच्या मानानं फारच नाजूक. कंदील सुरेख झाला. पण त्यातल्या काड्यांना आपण काय होतो ते आठवत असावं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वारा सुटला आणि तो दोरीसकट दोन घरं पलीकडे गेला. तिथल्या पोरांनी सवयीनं ओरडा केला, “वो काटा!”

सगळ्यात मोठी फजिती तोरणाची. ताऊजींच्या नातीचं लग्न ठरलं. ताईजी म्हणाल्या, “तू लाकडाचं इतकं करतेस, आमचं तोरण तूच बनव.” मला वाटलं, आंब्याची पानं, झेंडू, त्यात काय. मग कळलं की इकडचं लग्नाचं तोरण लाकडी असतं, मधे गणपती किंवा मोर आणि कडेनं पोपट. नवरदेव दारात आला की तलवारीनं किंवा कडुलिंबाच्या फांदीनं त्याला स्पर्श करून मगच आत येतो, ‘तोरण मारना’ म्हणतात. आपण तोरण बांधतो, हे मारतात. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मी रात्रंदिवस खपून पोपट करायचे आणि जावयानं येऊन त्यांना हाणायचं?

पोपट अरडूचे केले, मऊ लाकूड म्हणून. सात केले. पहिल्याची चोच लांब झाली, तो धनेश झाला. दुसऱ्याची चोच मोडली, तो कबुतर. तिसऱ्याला मिस्त्रीजींनी हात लावला, तो पोपट झाला, आणि मग बाकीचे त्याच्या शेजारी आणखीच केविलवाणे दिसू लागले. हिरवा रंग फासल्यावर निदान पक्ष्यांचा पक्ष ठरला. वरातीच्या दिवशी घोडीवरून वाकून नवरदेवानं फांदी अशी काही हलक्या हातानं टेकवली की मला तो जावई एकदम आवडला. नंतर कळलं की फोटोग्राफरनं ते त्याच्याकडून चार वेळा करून घेतलं होतं.

ते तोरण अजून ताऊजींच्या दारावर आहे. इकडे लग्नातलं तोरण उतरवत नाहीत. जुन्या शहरात काही दारांवर एकावर एक तीन-तीन, चार-चार तोरणं ठोकलेली दिसतात, रंग उडालेली, चोची गळलेली. त्यावरून त्या घरातून किती मुली गेल्या ते मोजता येतं. मी आता रस्त्यानं जाताना दारांच्या वर बघत चालते, आणि त्यामुळे दोनदा गाईवर आपटले आहे.

या सगळ्यात कचरा होतो तो वेगळाच. जोहरी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत आमच्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी आहेत, सोनं गाळणारी. त्यांच्यातल्या एका वहिनींनी माझी ढलप्यांची गोणी पाहून विचारलं, “हे कशाला ठेवलंय?” मी म्हटलं, तुमच्याकडे नाही का दुकानातला केर राखून ठेवत? सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन त्यातून सोन्याचा कण काढणारे झारेकरी असतातच की. वहिनी म्हणाल्या, “त्यातून सोनं निघतं. यातून काय निघणार?” मी हिरमुसले. पण त्या हिवाळ्यात त्याच ढलप्या घालून आम्ही अंगणात शेकोटी केली तेव्हा वहिनी सगळ्यात पुढे हात पसरून बसल्या होत्या.

चौथाई मात्र चुकली नाही. दुसऱ्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी ताऊजी फाटकाशी हजर, हातात खाटेचा दुसरा पाय. “इस साल का.” तिसऱ्या वर्षी तिसरा. पहिल्या पायाची मी समई ठेवायची बैठक केली होती, दुसरा नुसता भिंतीला टेकून उभा होता, तिसरा आला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार झाले की चौरंग होतो. ताऊजींच्या डोक्यात हे पहिल्या वर्षापासून असणार, पण त्यांनी कबूल केलं नाही. खाटेच्या उरलेल्या सांगाड्याला आता एकच पाय राहिला होता. तो गच्चीवर भिंतीच्या आधारानं उभा होता आणि ताईजी त्याच्यावर पापड वाळवायच्या.

चौथा पाय येईपर्यंत मी फळी तयार करून ठेवली होती. पेटीची शेवटची, ज्यावर ‘गणेश, ३६ इंच’ लिहिलेलं तीच. या वेळी मिस्त्रीजींना आधी बोलावलं. त्यांनी पाय बसवले, उलटा चौरंग सुलटा केला, आणि तो डुलला. चौथा पाय किंचित आखूड होता. बरीच वर्षं तो कूलरच्या गळक्या पाण्यात उभा असल्यानं खालून कुजलेला होता आणि ताऊजींनी न सांगता तेवढा तुकडा कापून टाकला होता. मिस्त्रीजी म्हणाले, बाकीचे तीन कापू. मी म्हटलं, लाखेच्या कड्या जातील. ते म्हणाले, मग डुलू दे.

ताऊजी आले, चौरंग पाहिला, बोटानं एक कोपरा दाबला, सोडला. पुन्हा दाबला. मग खिशातून चष्मा काढून म्हणाले, “चार साल की पूरी वसूली हो गई. रसीद कहाँ है?”

रसीद म्हणजे पावती. मी लेकीच्या वहीतलं एक पान फाडलं आणि मराठीतच लिहिलं: ‘खाटेचे चार पाय पावले. चौथाई जमा. बाकी काही नाही.’ खाली सही आणि तारीख. ताऊजींनी ते मोठ्यानं वाचलं, देवनागरी असल्यानं अडलं नाही, फक्त एका शब्दापाशी थांबले.

“पावले मतलब?”

“मिल गए,” मी म्हटलं. देवाबद्दलही आम्ही हाच शब्द वापरतो, हे सांगायच्या आधीच त्यांनी मान डोलावली होती.

मग त्यांनी पावतीची घडी घातली. अर्धी, पाव, अर्धपाव, अजून एक. खाली वाकून, एक हात चौरंगावर टेकून, ती आखूड पायाखाली सरकवली आणि पुन्हा कोपरा दाबून पाहिला. हलला नाही.

“अब हिसाब बराबर,” ते म्हणाले, आणि उठायला हात पुढे केला.